कोनाड्यातला कप

आमच्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात एक कप. पांढरा, कान तुटलेला, काठापासून तपकिरी चीर गेलेला. बशी नव्हती. १९७२च्या दुष्काळात माण भागातून जे सालगडी कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरी आले, त्यांचा तो कप. सकाळी आई किटली घेऊन गोठ्याशी जायची. ते कप उंबऱ्यावर ठेवून दोन पावलं मागं सरायचे, आई वरून चहाची धार धरायची. पिऊन झालं की ते स्वतः विसळून कप कोनाड्यात पालथा घालायचे. एकदा मी त्यातून पाणी प्यायलो, तर आजीनं मला अंगणातच उभं करून डोक्यावर घागर ओतली. बोलली काहीच नाही. मला जे कळायचं ते कळलं.

आता मी ‘ते’ लिहितोय. तेव्हा आजोबांच्या वयाच्या त्या माणसाला आम्ही पोरंही अरेतुरे करायचो, आणि ते मला ‘धाकलं मालक’ म्हणायचे.

सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकत होतो, तेव्हा जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ हाती आली. १९३७ची छोटीशी कादंबरी. कॅलिफोर्नियात सोलेदाद गावाजवळ शेतावर राबणाऱ्या गड्यांची. सोलेदाद या स्पॅनिश शब्दाचा अर्थच एकटेपण. तिथं क्रुक्स नावाचा कृष्णवर्णीय मोतद्दार आहे. घोड्याच्या लाथेनं पाठ वाकलेली. बाकीचे गडी एका मोठ्या खोलीत झोपतात, पत्ते कुटतात. हा तबेल्याला लागून खोगीर-लगामांच्या खोलीत एकटा. घोड्याच्या नालांचा खेळ त्यानं त्यांच्याबरोबर बाहेर खेळलेला चालतो, आत पत्त्यांना बसलेलं चालत नाही. त्याच्याकडे फाटका शब्दकोश आहे आणि १९०५ची कॅलिफोर्नियाची दिवाणी संहिता. आपला हक्क काय, हे त्याला ठाऊक आहे. तो सांगायचा कुणाला? एका रात्री भोळा लेनी दारात येतो. क्रुक्स आधी त्याला फटकारतो, मग बसू देतो, आणि बोलतच सुटतो. समोरच्याला समजतंय की नाही, याची त्याला पर्वा नाही.

पुस्तक मी तिथंच मिटलं. जेवणं झाल्यावर गोठ्यातून येणारा आवाज आठवला. ते बैलांशी बोलायचे. दहिवडीकडं पाऊस झाला का, बायकोचं दुखणं, पोराचं शाळेत नाव घातलं ते. आम्ही ओसरीवर हसायचो, “लागला बैलांशी गप्पा मारायला!” शिवाशीव म्हणजे पाणवठा, देऊळ, विटाळ एवढंच मी शिकलो होतो. एका माणसाला सात वर्षं संध्याकाळी बोलायला माणूस मिळालं नाही, हे कुठल्या धड्यात नव्हतं.

पुढं आटपाडीच्या शंकरराव खरातांचं आत्मचरित्र ‘तराळ-अंतराळ’ वाचलं. ते मी आधी वाचायला हवं होतं. घराजवळचं दुःख मला कॅलिफोर्नियाचा वळसा घालून सापडलं, याची खंत आजही आहे.

मग नोकरी साताऱ्यात लागली. तिथल्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदलं गेलं. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढं त्यांची बालपणीची सही आहे. त्या मुलाला वर्गात वेगळ्या तरटावर बसावं लागे. पुढच्याच वर्षी तो, त्याचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. नीटनेटक्या कपड्यांतली पोरं पाहून स्टेशनमास्तरनं आपुलकीनं चौकशी केली. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडं देऊनही बैलगाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं पायी चालणार, असं ठरलं. रात्रभर पाणी मिळालं नाही. मसूरवरून रेल्वेनं जाताना दरवेळी मी तो फलाट बघतो. मला तहानेच्या आधी तो मागं फिरणारा स्टेशनमास्तर दिसतो.

आई गेल्यावर आम्ही गोठा पाडला. कप मातीत सापडला, होता तसाच. गेल्या उन्हाळ्यात पत्ता काढत माणमध्ये त्यांच्या घरी गेलो. ते केव्हाच वारले होते. मुलगा शिक्षक होऊन निवृत्त झालेला. त्यांनी मला खुर्ची दिली, चांगल्या कपबशीत चहा दिला आणि विचारलं, “सर, आमचे दादा तुमच्याकडं कसे राहायचे?”

मी बैलांचं सांगितलं, शेताचं सांगितलं. कप पिशवीतच होता. त्याचं सांगितलं नाही.