तरू टाकण्याआधी माती तापवा

करवीर तालुक्यातल्या आमच्या परड्यात दरवर्षी मृगाच्या तोंडावर मिरची-वांग्याचं तरू टाकायचो. उगवण छान व्हायची, पण दोन-चार पानांवर आलेली रोपं बुडातून कोलमडायची. जमिनीलगत देठ पाणचट पडायचा आणि सकाळी उभं असलेलं रोप संध्याकाळी आडवं झालेलं असायचं. बियाणं बदललं, बुरशीनाशकाची आळवणी केली, तरी थोडाच फरक पडला. रोगाची बुरशी मातीतच होती.

आईचं माहेर गगनबावड्याकडचं. ती म्हणायची, "आमच्याकडं तरव्याची जागा भाजल्याबिगर भाताचं बी टाकत न्हाईत." शेण, पाला, डहाळ्या, गवत वाफ्यावर थराथरानं पसरायचं आणि उन्हाळ्यात पेटवायचं. तणाचं बी जळतं, राख मातीला मिळते, रोप जोमानं येतं. पण त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि खत व्हायचं ते शेणही जळून जातं. शिवाय आमच्याकडं तेवढा पाला नव्हता. माती तापवायची ही गोष्ट मात्र मनात राहिली.

हेच काम नुसत्या उन्हानं होतं, हे पुढं वाचनात आलं. इस्राएलमधले शास्त्रज्ञ जेकब कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं की ऊन आत शिरतं आणि ऊब आतच अडकते. थंड मुलखात वसंतातल्या लागणीआधी गारठलेली माती उबवायला असाच कागद घालतात. आपल्याकडं मे महिन्यात तोच कागद रोगाची बुरशी आणि तणाचं बी मारण्याइतकी माती तापवतो. वरच्या थरात ती उघड्या मातीपेक्षा साधारण 10 अंशांनी जास्त तापते. याला मृदा सौरीकरण म्हणतात.

उसाच्या पाचटानं माती गार राखायची, ही आम्हा कोल्हापूरकरांची सवय. इथं उलट करायचं होतं. एप्रिलमध्ये कुजलेलं शेणखत मिसळून गादीवाफे केले, ढेकळं फोडून ते सपाट केले. ढेकळांवर कागद अधांतरी राहिला की मधल्या हवेमुळं माती नीट तापत नाही. मग वाफे भरपूर भिजवले, कारण ओल्या मातीत उष्णता खोलवर जाते आणि भिजलेलं बी व बुरशी लवकर मरते. 25 मायक्रॉनचा पारदर्शक कागद ताणून अंथरला आणि चारी कडा चरात गाडल्या. काळा कागद इथं चालत नाही. तो स्वतःच ऊन शोषून घेतो.

कागद चार ते सहा आठवडे ठेवायचा असतो. आमच्याकडं खरी काळजी वळवाची. वारं सुटलं की कागद फडफडतो, एक कड सुटली तरी आतली वाफ जाते. म्हणून रोज फेरी मारायची, फाटलं तिथं चिकटपट्टी लावायची.

कागद काढल्यावर वाफे खोल खणले नाहीत. खालची न तापलेली माती वर आली, तर तिच्याबरोबर तणाचं बीही येतं. ट्रायकोडर्मा मिसळलेलं शेणखत हलक्या हातानं वर दिलं आणि बी पेरलं. त्या पावसाळ्यात तरू उभं राहिलं. मर तुरळक दिसली, खुरपणही फार कमी लागली. लव्हाळा मात्र पुन्हा आला. त्याच्या गाठी खोल असतात, त्या या उष्णतेला दाद देत नाहीत.

रोपवाटिकेच्या चार वाफ्यांसाठी हा उपाय मला बुरशीनाशकापेक्षा भरवशाचा वाटतो. ज्यांचं तरू दरसाल मरतं, त्यांनी येत्या एप्रिलमध्ये निदान एक वाफा झाकून बघावा आणि शेजारी एक उघडा ठेवावा. दोन्हींतला फरक स्वतः पाहा. काम झाल्यावर कागदाचा तुकडान् तुकडा मात्र रानातून गोळा करा.