हळद आणि चेहरा

रंग हा मोठा मानी पाहुणा आहे. त्याची मर्जी सांभाळता सांभाळता घरच्यांची पुरेवाट होते. हे दुखणे पुण्याला नवे नाही. १९३३ साली, 'प्रभात' कोल्हापूरहून पुण्याला आली त्याच वर्षी, व्ही. शांताराम यांचा 'सैरंध्री' आला. तो रंगीत व्हावा म्हणून त्याच्या प्रती थेट जर्मनीत काढल्या. पण पडद्यावर रंग काही मनासारखे उतरले नाहीत.

पुढे रंगीत फिल्म रुळली. प्रयोगशाळेत प्रत काढताना तांबडा, हिरवा, निळा असे तीन प्रकाश कमीजास्त करीत. एक हलवला की सारी चौकट त्या बाजूला झुके. शालू सुधारावा, तर आभाळ बिघडे! आज संगणकावर नेमका एकच रंग वेचून फिरवता येतो. कॉलेज सुटल्यावर मी एका छोट्या स्टुडिओत हेच काम करते. लग्नांच्या व्हिडिओंचे रंग सुधारते.

वाटते तितके ते सोपे नाही. मागे एका हळदीचा व्हिडिओ आला. मांडवाला हिरवे कापड, आणि दुपारचे ऊन त्यातून गाळून खाली आलेले. हळद कच्च्या लिंबासारखी दिसत होती. अशा वेळी आधी साऱ्या चौकटीतला हिरवा उतरवायचा. मग राहिलेला पिवळा नारिंगीकडे वळवावा, तर हळद खुलते, पण चेहरे ताप आल्यासारखे लाल होतात. कारण रंगचक्रावर हळद आणि माणसाची कातडी अगदी शेजारी राहतात. त्यांना वेगळे करायचे ते गडदपणावरून; हळद गडद, कातडी फिकी. निवडीची कड मऊ ठेवायची, आणि रंग वळवायचा तोही चार-दोन अंशच.

हे करताना पडद्याच्या कोपऱ्यात एक वर्तुळ दिसते. त्याला व्हेक्टरस्कोप म्हणतात. ठिपका कोणत्या दिशेला, यावरून छटा कळते. मध्यापासून किती दूर, यावरून गडदपणा. त्यात एक तिरकी रेषा असते. माणूस गोरा असो, सावळा असो की काळा, चेहऱ्याचे ठिपके त्या रेषेच्या आसपासच पडतात! रक्ताचा तांबडा आणि मेलॅनिनचा तपकिरी सर्वांच्याच कातडीत असतो, कमीजास्त एवढेच.

नवरीची आई व्हिडिओ बघायला आली. म्हणाली, "हिला जरा उजळ करा ना." मी ती रेषा दाखवली. शेजारी बसलेल्या गोऱ्यापान मावशीचे ठिपके आणि नवरीचे ठिपके एकाच रेषेवर होते. आईने शांतपणे पाहिले आणि म्हणाली, "ते रेषेचं ठीक आहे गं, पण लोक काय रेषा बघणार आहेत?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. चेहरा उजळ करणे हळद सुधारण्यापेक्षा सोपे. दोन मिनिटांचे काम. पैसे देणारे तेच, आणि बटणावर बोट माझे.

दुसऱ्या दिवशी नवरीचाच फोन आला. "मांडवाचा हिरवा तेवढा काढा," ती म्हणाली, "बाकीचा रंग माझा आहे."

मी हिरवा काढला. हळद पिवळीधमक झाली. ती सावळीच राहिली. न्यायला आलेल्या आईने सारा व्हिडिओ उभ्याउभ्या पाहिला. "हळद छान आलीय," एवढेच म्हणाली. चेहऱ्याविषयी काही बोलली नाही.