पाच पायांचा सोनकिडा

परवा आमलीतील एका बालवाडीत जाण्याचा योग आला. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस खेड्यातील बालशिक्षणाची जी वाट पाडली, त्याच वळणाची ही शाळा: माती, पाने, हिराच्या काड्या हीच साधने. मुले मातीचे किडे करून त्यांना काड्यांचे पाय लावीत होती. कीटकास पाय सहा. कोळ्यास आठ, म्हणून तो निराळा, हे त्यांनीच मला ऐकविले. एका चिमुरड्याच्या सोनकिड्यास मात्र पाचच पाय. मी सहावी काडी पुढे केली.

"नको, फादर. माझ्या किड्याचा एक दोऱ्यात तुटला."

लहानपणी पावसाळ्यात मीही सोनकिड्यांस दोरा बांधून उडविले आहे. पाय मात्र कधी मोजले नव्हते. काडी माझ्या हातातच राहिली.