पंधरा मिलिमीटरची पाणसळ

खोली लहान आहे, मागे सरकायला जागा नाही, सगळं फ्रेममध्ये मावत नाही, म्हणून लोक अतिरुंद लेन्स घेतात. घेतात आणि काही दिवसांत कपाटात ठेवून देतात. कारण सगळं मावलेल्या फोटोत पाहण्यासारखं फारसं काही उरत नाही. समोरचा माणूस बोटभर, मागची भिंत अंगावर येणारी आणि खाली नुसती फरशीच फरशी. मी बरीच वर्षं १५ मिलिमीटरची लेन्स डिजिटल रेंजफाइंडरवर वापरतो आहे आणि माझं ठाम मत असं, की ही लेन्स जास्त मावावं म्हणून नाहीच. ती जवळ जाण्यासाठी आहे. आपण नेमकं कुठे, किती उंचीवर आणि किती सरळ उभं राहायचं, हे आधी ठरवणाऱ्यालाच ती वश होते.

भाज्याचा चैत्य घ्या. मळवली स्टेशनवरून चालत जाता येतं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं हे लेणं. आतले २७ अष्टकोनी खांब ताठ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी बांधकामात छताचा बाहेरचा रेटा पेलायला खांब असे कलते रोवत. खडक खोदणाऱ्यांनी, तिथे कसलाच रेटा नसताना, तीच रीत दगडात उतरवली. जवळच कार्ल्याला नंतरच्या काळातला चैत्य आहे, तिथले खांब सरळ उभे आहेत. लाकडाची सवय दगडातून हळूहळू कशी सुटत गेली, ते या दोन ठिकाणांमध्ये नजरेने पाहता येतं.

आता कमानदार छत फ्रेममध्ये यावं म्हणून कॅमेरा जरासा वर उचला. कार्ल्याचे ताठ खांबही वरच्या टोकाला एकमेकांकडे झुकतात, भाज्याचे आणखी झुकतात, आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर सांगताच येत नाही की कलणं खांबांचं आहे की कॅमेऱ्याचं. साध्या लेन्सने एवढं बिघडत नाही. १५ मिलिमीटरला दोन-तीन अंशांचा उतारही लगेच दिसतो.

कॅमेरा पाणसळीत धरला की चित्र पालटतं. नीट बनवलेली अतिरुंद लेन्स सरळ रेषा सरळच ठेवते, आणि सेन्सरला समांतर असलेल्या कोणत्याही पातळीचा आकार जसाच्या तसा उतरवते, मध्यभागी असो की अगदी कडेला. चैत्याच्या मध्यरेषेवर उभं राहून कॅमेरा समोरच्या स्तूपाकडे सरळ रोखला, तर खांब ज्या पातळीत कललेत ती पातळी सेन्सरला समांतरच असते. म्हणून खोदणाऱ्याने दिलेला कोन मोजून घ्यावा इतका खरा फोटोत येतो. राहिला प्रश्न छताचा. त्यासाठी मी कॅमेरा उभा धरतो आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापतो. १८ मेगापिक्सेलमधला तिसरा हिस्सा गेला तरी भिंतीवर लावण्याजोगं भरपूर उरतं.

माझा कॅमेरा लायका एम९. २००९ साली आला, लाइव्ह व्ह्यू नाही. त्याच्या व्ह्यूफाइंडरमधली सर्वांत रुंद चौकट २८ मिलिमीटरची, म्हणजे १५ची फ्रेम त्यात दिसतच नाही. माथ्यावरच्या खाचेत वेगळा फाइंडर बसवावा लागतो. खाच एकच, तेव्हा एक तर फाइंडर बसेल, नाही तर बुडबुड्याची छोटी पाणसळ. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये त्रिपॉडला परवानगी लागते. ती नसेल तेव्हा मी पाणसळ लावतो, कॅमेरा छातीशी धरतो आणि बुडबुडा मध्ये आला की श्वास सोडताना शटर दाबतो. चौकट डोळ्यांनी आधीच आखलेली असते. नंतरच्या मॉडेलांत मागच्या पडद्यावर सगळं दिसतं, आत पाणसळही आहे, आणि ज्यांच्याकडे ती सोय आहे त्यांनी जरूर वापरावी. पण फाइंडरविना काम करताना एक गोष्ट अंगवळणी पडते: कॅमेरा वर येण्याआधी पाय जागेवर आलेले असतात.

रेंजफाइंडरवरच ही लेन्स का, याला तांत्रिक कारण आहे. एसएलआरमध्ये आरसा हलायला जागा लागते, म्हणून निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्सची बैठक फिल्मपासून ४६.५ मिलिमीटर दूर असते. लायका एममध्ये आरसा नाही, तिथे हे अंतर २७.८ मिलिमीटर. त्यामुळे लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ नेता येतं, रचना जवळजवळ सममित ठेवता येते आणि रेषा वाकत नाहीत. झाइसने १९६९मध्ये होलोगॉन १५ मिलिमीटर याच तत्त्वावर बनवली. जपानच्या कोसिना कंपनीने १९९९मध्ये फोक्टलेंडर नावाने १५ मिलिमीटर एफ/४.५ बाजारात आणली आणि एवढी रुंद नजर सामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्यात आली. लेन्स छोटी, हलकी, आणि तिचा कोन तब्बल ११० अंशांचा.

फिल्मला प्रकाश कुठूनही आला तरी चालायचं. सेन्सरला चालत नाही. मागचं भिंग इतकं जवळ असलं की कडेच्या पिक्सेलवर किरण फार तिरके पडतात. वाऱ्याने वळलेली पावसाची सर जशी आपल्या खिडकीऐवजी शेजारच्या खिडकीत शिरते, तसा एका रंगाच्या पिक्सेलचा प्रकाश शेजारच्या रंगात सांडतो. कडांना लालसर-जांभळी झाक येते, कधी समोरच्या बाजूला हिरवट. लायकाने एम८पासून सेन्सरवरची सूक्ष्मभिंगं कडेकडे सरकवली, वरची काच पातळ ठेवली, तरी जुन्या रचनेच्या १५ मिलिमीटरला तेवढं पुरत नाही. काळोखी तर वेगळीच. नुसत्या भूमितीच्या हिशेबाने कोपऱ्यात मध्यभागाच्या नवव्या हिश्शाइतकाच प्रकाश पोचतो.

उपाय आहे, आणि तो मी कधीही टाळत नाही. फोटो काढून झाले की त्याच जागी, त्याच अ‍ॅपर्चरवर, लेन्सला दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा चिकटवून धरायचा आणि एक फ्रेम घ्यायची. त्या कोऱ्या फ्रेममध्ये लेन्सचे आणि सेन्सरचे सगळे डाग स्वच्छ उमटतात. लाइटरूम क्लासिकमधली फ्लॅट-फील्डची सोय त्याच नकाशाने मूळ फोटोला भागते. रंग परत येतात, कोपरे उजळतात. मात्र तीन-साडेतीन स्टॉप उजळवलेल्या कोपऱ्यात दाणे उमटतात, म्हणून मी काळोखी पूर्ण काढत नाही, अर्धी ठेवतो. भाज्याच्या गाभ्यात कोपरे अंधारेच असतात आणि तसेच दिसावेत. कृष्णधवल करणार असाल तर रंगाची अडचण आपोआप संपते. २०१५च्या तिसऱ्या आवृत्तीत कोसिनाने रचनाच बदलली, किरण सेन्सरवर बरेच सरळ पडतात आणि हा व्याप फारसा करावा लागत नाही. लेन्स मात्र आकाराने मोठी झाली.

जवळ जाण्याबद्दल म्हणालो, ते पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत सर्वांत चांगलं समजतं. खोली जेमतेम माणूस बसेल एवढी. समोर घंगाळ, त्यावर मठारकाम चाललेलं: हातोडीचा एकेक ठोका, एकेक गोल खळगी, आणि ठोक्यागणिक भांडं बोटभर फिरवायचं. मी उंबऱ्यापाशी घुटमळत होतो, तर भांडं घडवणारे काका हातोडी न थांबवता म्हणाले, “साहेब, आत या की. तिथनं काय दिसणार?” मी आत जाऊन मांडी घातली. एफ/८, अंतराची खूण दीड मीटरच्या आसपास. एवढं केलं की पाऊण मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. लेन्सवरच्या खुणा फिल्मच्या काळच्या आहेत, म्हणून मी एफ/८वर असताना एफ/५.६च्या खुणा वाचतो. सेन्सर फिल्मपेक्षा कडक परीक्षा घेतो.

त्या खोलीत एक काळजी घ्यावीच लागते. गोलाकार वस्तू कोपऱ्यात गेली की ती केंद्रापासून बाहेर ताणली जाते. १५ मिलिमीटरला अगदी कोपऱ्यातला चेंडू लांबीला पावणेदोन पट होतो. माणसाचं डोकंही तसंच ताणलं जातं. ज्या माणसाने हजारो ठोक्यांनी घंगाळाचं तोंड गोल केलं, त्याच्या कामाचा गोलवा आपण कोपऱ्यात ढकलून बिघडवायचा नाही. भांडं आणि चेहरा मध्याच्या जवळ, कडेला ऐरण, मोगऱ्या, भिंतीला टेकलेले पत्रे. सपाट भिंत समोरासमोर घेतली तर तिथलं काही ताणलं जात नाही, हे भाज्यात पाहिलंच.

आणि प्रिंट मोठा करावा. ३६ मिलिमीटर रुंदीची फ्रेम ३६ इंच रुंद छापली, तर १५ मिलिमीटरच्या लेन्सने जिथून पाहिलं ती जागा प्रिंटपासून १५ इंचांवर येते. तिथे उभं राहून एका डोळ्याने पाहा. कडेची ताणलेली मोगरी तिच्या खऱ्या आकारात येते, कारण आता आपली नजरही तिच्याकडे तेवढीच तिरकी जाते. मोबाइलच्या पडद्यावर हे फोटो विचित्र दिसतात ते याच कारणाने, पाहणारा फार लांब उभा असतो. म्हणून प्रदर्शनासाठी जागा शोधताना मी दालन मागत नाही, अरुंद बोळ मागतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत चार फूट असले तर उत्तम.