माती, वाट आणि माणूस

इंग्लंडमध्ये आपल्या हद्दीतली दूषित जमीन नगरपालिकेने शोधायची, असा कायदाच २००० पासून लागू आहे. पण मातीत नुसतं विष असून भागत नाही. विष, ते पोचायची वाट आणि ज्याला बाधेल तो माणूस किंवा नदी, हे तिन्ही जुळलं तरच जमीन 'दूषित'. एक कडी तोडली की काम झालं! आम्हा डीबगिंगवाल्यांना हे लगेच पटतं.

कॉर्बीची गोष्ट त्याआधीची. बंद पडलेल्या पोलाद कारखान्याची जमीन साफ करताना, १९८५ ते १९९७ या काळात, पालिकेच्या कामावरच्या ट्रकांमधून विषारी चिखल रस्त्यांवर सांडला, वाळून धूळ उडाली. म्हणजे वाट उघडली ती साफसफाईनेच! तिथे काही बाळं तोकड्या बोटांची जन्मली. २००९ मध्ये कोर्टाने पालिकेचा निष्काळजीपणा मान्य केला.

असो. खोदकामाचा ट्रक दिसला, की मी हल्ली आधी त्यावर ताडपत्री आहे का ते बघतो.