साक्षीदार कोण?

जॅक द रिपरवरचं पुस्तक वाचताना एका नावापाशी अडखळलो. सर रॉबर्ट अँडरसन. हेच नाव पूर्वी पाहिलं होतं, पण बायबलमधल्या दानीएलाच्या भविष्यवाणीवरच्या एका जुन्या ग्रंथाच्या पुठ्ठ्यावर! १८८८च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या गुन्हे अन्वेषण विभागाची सूत्रं ज्यांच्याकडे आली, व्हाइटचॅपलमधल्या खुनांचे कागद ज्यांच्या टेबलावर यायचे, ते गृहस्थ बायबलवर लिहीत होते. १९०१ला निवृत्त झाले आणि १९०२मध्ये बायबलच्या आधुनिक चिकित्सकांशी पुस्तकभर भांडले. मूळचे वकील, भाषा कोर्टाचीच. पुरावा कुठला? उलटतपासणीत टिकेल का?

माझे मामा पोलीस ठाण्यात रायटर होते. पंचनामा लिहावा तर त्यांनीच. पूर्वेस विहीर, पश्चिमेस बाभळी, दक्षिणेस पायवाट. प्रेताजवळ चपलेचा एक जोड, पैकी डाव्या पायातल्या चपलेचा अंगठा तुटलेला. विशेषण एक नाही. ‘भयानक’ लिहिणाऱ्या नव्या पोराला ते कागद परत करायचे. भयानक हे पंचांना दिसत नाही, म्हणायचे. निवृत्तीनंतर ज्ञानेश्वरी घेऊन बसले ती पेन्सिलीसकट. समासात बारीक अक्षरात नोंदी: कोण बोलला, कोणाला, त्या वेळी कोण हजर. एकदा मला विचारलं, “संजय रणांगणात नव्हता ना रे? मग त्याची साक्ष ऐकीव धरायची की प्रत्यक्ष?” मी दिव्यदृष्टीचं सांगू लागलो. ते मान हलवत राहिले आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं. एवढ्या भक्तीनं गीता वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अँडरसन यांच्या ‘द कमिंग प्रिन्स’मध्ये ही पेन्सिल दिसते. दानीएलाच्या भविष्यवाणीतली ६९ सप्तकं, म्हणजे सात-सात वर्षांचे गट, वर्ष ३६० दिवसांचं, आपल्या सावन वर्षासारखं. इ.स.पू. ४४५च्या १४ मार्चपासून इ.स. ३२च्या ६ एप्रिलपर्यंत १,७३,८८० दिवस. त्यात लीप वर्षांचे ११६ सुद्धा मोजलेले. अमावास्येचं गणित पक्कं करायला राजज्योतिषी जॉर्ज एअरींना विचारलं. येशूच्या मृत्यूचं वर्ष म्हणून इ.स. ३२ बहुतेक अभ्यासकांना मान्य नाही. तरी देवाचं वचन तारीखवार तपासण्याची ही निष्ठा मला मोठी वाटते. त्याहून जवळचं वाटतं ते १८९७चं ‘द सायलेन्स ऑफ गॉड’. माणसं भरडली जातात तेव्हा आभाळ गप्प का, हा प्रश्न त्यांनी नोकरीत असतानाच विचारला.

म्हणूनच १९१०च्या आठवणी वाचताना वाईट वाटलं. रिपर एक पोलिश ज्यू होता, साक्षीदारानं त्याला ओळखलं पण जबाब द्यायला नकार दिला, असं त्यांनी ठामपणे लिहिलं. लंडनच्या ज्यू समाजातून हरकत आली, ती रास्तच होती. आरोपीचं नाव नाही, साक्षीदाराचं नाही, खटला नाही. सांगितली ती फक्त जमात.