चाकांवरचे न्हाणीघर

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि तिथल्या रस्त्यांची स्वच्छता यांविषयी लिहावे, असा दिवाळी अंकांचा जुना संकेत आहे. यांतली पहिली दोन मी पाहिली नाहीत आणि तिसऱ्याविषयी वाचकांना सांगण्यासारखे नवे काही उरलेले नाही. म्हणून मी पाणी तापवण्याच्या बंबाविषयी लिहिणार आहे. अभ्यंगस्नानाच्या दिवसांत ज्यांच्या हाती हा अंक पडेल, त्यांना विषय अगदीच अवेळी वाटू नये.

माझा थोरला भाऊ शिकागोजवळ राहतो. 2024 च्या मे महिन्यात, कॉलेजला सुट्टी लागताच, मी आईला घेऊन त्याच्याकडे गेले. वडील गेल्यापासून आईने घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला होता. वय 79, गुडघे संधिवाताने धरलेले. पुन्हा एवढा प्रवास तिच्याने होणे नाही, हे आम्ही सगळेच मनात जाणून होतो. दादाने बेत केला होता तो यलोस्टोनचा, आणि तोही चाकांवरच्या घरातून.

या घरांना तिकडे 'आर. व्ही.' म्हणतात. काहींना स्वतःचे इंजिन असते, काही मोटारीच्या मागे जोडून ओढायची असतात. दादाने दुसऱ्या जातीचे, जुने, एका निवृत्त गृहस्थांकडून घेतले होते. आत सहा माणसांची निजण्याची सोय, शेगडी, फ्रीज, आणि आपल्या रेल्वेच्या डब्यातल्याएवढे न्हाणीघर. आईने सगळे निरखून पाहिले आणि एकच अट घातली.

"बिछाना कसाही चालेल रे. पण सकाळी कढत पाण्याची आंघोळ हवी, आणि तीही आपल्या दाराआड."

अट लहान दिसली, तरी अडचण तिथेच होती. बंबातून पाणी गळत होते. मुक्कामाच्या तळांवर सार्वजनिक न्हाणीघरे असतात, स्वच्छही असतात. पण पहाटेच्या गारठ्यात काठी टेकत तिथवर जायचे आणि पाळीसाठी उभे राहायचे, हे आईच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. तिने शांतपणे सांगून टाकले, "तुम्ही जाऊन या. मी घरी राहीन." ती राहिली की तिच्याबरोबर वहिनी राहणार, म्हणजे सहल मोडलीच. तेव्हा बंब निवडणे हे आमच्यापुरते यलोस्टोनला जाणे की न जाणे एवढे मोठे होऊन बसले.

दादा म्हणाला, "चला, एल्कहार्टला जाऊ."

शिकागोहून पूर्वेला मोटारीने दोन तासांवर, इंडियाना राज्यात, एल्कहार्ट नदी जिथे सेंट जोसेफ नदीला मिळते तिथे हे गाव आहे. संगमावर उद्यान आहे, देऊळ मात्र नाही, याची आईला चुकचुक वाटली. एकेकाळी हे गाव पितळी वाद्यांसाठी नावाजलेले होते, आणि अल्का-सेल्टझरची गोळीही मूळची इथलीच. आज ते चाकांवरच्या घरांचे माहेर आहे. अमेरिकेत तयार होणाऱ्या या वाहनांतली फार मोठी संख्या याच टापूतून बाहेर पडते. या वाहनांचे संग्रहालयही गावात आहे. 1913 सालचे एक लाकडी ओढघर आणि चित्रपटतारका मे वेस्ट हिच्यासाठी 1931 साली बांधलेली घरगाडी मी तिथे पाहिली.

गावाबाहेर पडले की रस्त्याच्या कडेने काळ्या घोडागाड्या टपटपत जाताना दिसतात. हे आमिश लोक. स्वतःची मोटार बाळगायची नाही, घरात विजेची तार घ्यायची नाही, असा त्यांचा धर्माचार. पण त्यांच्यातले कितीतरी सुतार-कारागीर याच कारखान्यांत कामाला जातात आणि वातानुकूलित घरगाड्या बांधतात. घरी परतल्यावर त्यांच्यातले पुष्कळजण पाणी तापवतात ते गॅसवर. तेव्हा वीज नसली तरी ऊन पाणी हवेच, ही आईची भूमिका तिथे कोणाला विचित्र वाटली नसती.

सुट्या भागांच्या एका मोठ्या दुकानात आम्ही शिरलो. काउंटरवरचे वृद्ध गृहस्थ जन्मभर कारखान्यात काम करून आता इथे बसत असावेत. त्यांनी आमच्या जुन्या बंबाचा फोटो पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, "आतली कांडी कधी बदलली होती?"

कांडी म्हणजे मॅग्नेशियमची. पोलादी टाकीच्या बंबात ती मुद्दाम बसवतात. पाण्यामुळे धातू झिजायचाच. पण मॅग्नेशियम पोलादाआधी झिजते, आणि ते आहे तोवर टाकी शाबूत राहते. कांडी तीनचतुर्थांश संपली की नवी घालायची. आधीच्या मालकांनी ती कधीच बदललेली नसावी; आता नुसती तार उरली होती. आपली हाडे देणारा दधीची मला एल्कहार्टमध्ये भेटला तो असा. ॲल्युमिनियमच्या टाकीचेही बंब मिळतात. त्यांना हा दधीची लागत नाही.

मग त्यांनी आमच्यापुढे तीन पर्याय मांडले.

पहिला 6 गॅलनांचा टाकीचा बंब. अमेरिकन गॅलन म्हणजे पावणेचार लिटरांहून किंचित अधिक. म्हणजे ही टाकी 23 लिटरांच्या आतली. पाणी 60 अंशांपर्यंत तापले आणि त्यात 15 अंशांचे गार पाणी मिसळले, तर अंगावर घेण्याजोगे, 40 अंशांचे, सुमारे 40 लिटर पाणी होते. गॅसवर एक टाकी तापायला अर्ध्या तासाच्या आतबाहेर लागतो, विजेवर पाऊण तासाहून थोडे अधिक. दोन्हींची सोय एकाच बंबात असली की तळावर वीज मिळेल तिथे वीज, नाही तिथे गॅस.

दुसरा 10 गॅलनांचा. पाणी अधिक, पण भरल्यावर 15 किलो वजन जास्त, आणि गाडीच्या बाजूला कापलेले छिद्र मोठे करावे लागणार.

तिसरा बिनटाकीचा. नळ सोडला की ज्योत पेटते आणि पाणी वाहता वाहताच तापते. माझ्या भाच्यांचे डोळे लकाकले. "म्हणजे कितीही वेळ शॉवर!"

म्हाताऱ्या गृहस्थांनी कागद पुढे ओढला. "यलोस्टोनला चाललात ना? मग हिशेब करू." हा बंब तासाला 42,000 बी. टी. यू. उष्णता देणारा. त्यातली काही वाया जाणार. मिनिटाला दीड गॅलन पाणी सोडले, तर ते अवघे 25 अंश सेल्सियसने तापते. डोंगरातले पाणी नळाला 7 अंशांनी आले, तर अंगावर पडणार 32 अंशांचे. म्हणजे कढत नव्हे, कोमट. शिवाय साबण लावण्यासाठी नळ बंद केला की ज्योत विझते, आणि पुन्हा सोडला की आधी गार पाण्याचा एक सपकारा बसतो. उन्हाळ्यात, सखल मुलखात, नळाची जोडणी असलेल्या तळांवर राहणाऱ्यांना हा बंब उत्तम. गॅसही वापरापुरताच जळतो.

"पण खरी गोष्ट पुढेच आहे," ते म्हणाले. "तुमच्या गाडीत पाणी किती मावते?"

चाळीस गॅलन, म्हणजे 150 लिटर. आणि वापरलेले पाणी साठवण्याची खालची टाकी 30 गॅलनांची, कारण ते पाणी वाटेल तिथे सोडून चालत नाही. मिनिटाला दीड गॅलनाने दहा मिनिटांचा एक शॉवर घेतला की 15 गॅलन गेले. असे दोघांनी न्हाऊन घेतले की खालची टाकी भरली. माणसे तर आम्ही सहा! चाकांवरच्या घरात उष्णता कधी संपत नाही, पाणी संपते. बंब निवडायचा तो या हिशेबाने.

आई इतका वेळ खुर्चीवर बसून होती. संभाषण इंग्रजीत चालले होते. पण आकडे तिला कळत होते. तिने मला विचारले, "त्यांना विचार, बादली ठेवायला जागा आहे का?"

मी भाषांतर केले. गृहस्थ क्षणभर थबकले. मग म्हणाले, त्यांच्या लहानपणी शेतावरच्या घरात शनिवारी रात्री चुलीपाशी पत्र्याचे टब मांडत आणि सगळ्या भावंडांना एकापाठोपाठ एक त्याच पाण्यातून काढत. बादली म्हणजे त्या मानाने चैनच!

दादाने हिशेब केला. पंधरा लिटरांची एक बादली, माणशी एक. सहाजणांचे 90 लिटर. वरच्या टाकीत स्वयंपाकाला 60 लिटर उरतात, खालच्या टाकीत सगळे सांडपाणी मावते, आणि 6 गॅलनांच्या बंबात एका भरणीला दोघांची आंघोळ सहज होते. पाणी गरम करायचे किती, या प्रश्नाचे उत्तर बादलीने दिले होते. भाच्यांची तोंडे उतरली. पण आकड्यांशी भांडणार कोण?

एक शंका माझी होती. 60 अंशांच्या पाण्याने पाच-सहा सेकंदांत कातडी भाजते, आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी त्याहून नाजूक. यावर त्यांनी पितळेची एक लहानशी चावी काढली. ती बंबाच्या तोंडाशी बसते आणि ठरवलेल्या उष्णतेला येईल इतके गार पाणी आपोआप मिसळते. मी आईला समजावू लागले, तोच ती म्हणाली, "अगो, म्हणजे विसण!"

नव्या वाचकांसाठी सांगायला हवे. कढत पाण्यात घालायचे गार पाणी ते विसण. घंगाळात आधी ऊन पाणी, मग विसण, मग हात बुडवून पाहणे. गीझर घरोघर आले आणि हा शब्द माझ्या विद्यार्थ्यांच्या बोलीतून नाहीसा झाला. इंडियानातल्या दुकानात तो असा भेटावा, याची मला मोठी मौज वाटली.

नवा बंब जुन्याच छिद्रात बसला. या बंबांची एक गोष्ट आपल्याकडे सांगण्यासारखी आहे: ज्योतीला लागणारी हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो, आतल्या माणसांच्या श्वासाशी त्याचा संबंध नाही. आपल्या शहरांत दारेखिडक्या बंद केलेल्या न्हाणीघरातल्या गॅस गीझरने किती जीव घेतले आहेत! कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वास नाही. वाचकांपैकी ज्यांच्याकडे असा गीझर असेल त्यांनी तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत लावून घ्यावा, एवढे एक या लेखातून घेतले तरी पुष्कळ झाले.

गॅसही निराळा. आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वायुरूप होणे थांबवते. प्रोपेन उणे 42 पर्यंत कुरकुरत नाही. म्हणून थंड मुलखात हिंडणाऱ्या गाड्यांना निव्वळ प्रोपेनचाच गॅस लागतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. साउथ डकोटातल्या वॉल गावी 1930 च्या दशकातल्या मंदीत एका औषधविक्याने फुकट बर्फाच्या पाण्याच्या पाट्या रस्तोरस्ती लावून गिऱ्हाइके खेचली. ते दुकान अजून आहे. भाच्यांनी तिथले गार पाणी प्यायले. आईने 'मला काय करायचंय त्याचं?' म्हणून गाडीतच बसणे पसंत केले. त्या रात्री आमच्या तळावर वीज नव्हती, नळ नव्हता. पहाटे दादाने आतूनच बटण दाबले. बाहेर ठिणगी पडल्याचा टकटक आवाज आला, मग ज्योतीची हलकी घरघर. अर्ध्या तासाने न्हाणीघरातून तांब्याचा आणि स्तोत्राचा आवाज एकदमच येऊ लागला.

यलोस्टोनमध्ये मुक्काम फिशिंग ब्रिजला. उंची सुमारे 7,800 फूट. रात्री पारा शून्याला टेकत होता. अस्वलांच्या वावरामुळे इथे तंबूंना मज्जाव, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या. त्या विरळ हवेत ज्योतीचा जोर थोडा कमी पडतो, म्हणून पाणी तापायला चार मिनिटे अधिक लागली, इतकेच.

ज्याला आपण गीझर म्हणतो तो शब्द खरा इथला, म्हणजे उसळत्या उष्ण झऱ्यांचा. आइसलंडमधल्या 'गेसिर' नावाच्या झऱ्यावरून तो इंग्रजीत आला. लंडनमध्ये 1868 साली बेंजामिन मॉन याने गॅसवर पाणी तापवण्याच्या आपल्या यंत्राला ते नाव दिले, आणि इंग्रजांबरोबर ते आपल्या न्हाणीघरात शिरले. अमेरिकेत मात्र यंत्राला कोणी गीझर म्हणत नाही. जगातल्या एकूण गीझरांपैकी निम्म्याहून अधिक यलोस्टोनमध्ये आहेत. आपल्या कोकणात अशा ऊन झऱ्याला उन्हाळे म्हणतात, हे आईने भाच्यांना सांगितले.

ओल्ड फेथफुल एका उसळीत 14 ते 32 हजार लिटर पाणी फेकतो. पांढरा स्तंभ आकाशात चढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई काठीवर हात ठेवून शेवटपर्यंत उभी होती. मग म्हणाली, "केवढं कढत पाणी! पण विसणाला थेंब नाही गो."

विसणाची जागाही या उद्यानात आहे. उत्तरेला मॅमथजवळ उकळत्या झऱ्याचे पाणी गार्डनर नदीत मिसळते आणि तिथे लोक न्हात असत. जून 2022 च्या महापुराने तिथे जाणारा रस्ता खचला आणि ते स्नान बंद झाले. आईला ते सांगितल्यावर तिने सुस्कारा सोडला आणि गाडीकडे पाय वळवले.

ऑक्टोबर संपता संपता दादाचे पत्र आले. थंडीत टाकी गोठून फुटू नये म्हणून त्याने बंबातले पाणी काढून टाकले होते; कांडी तपासली, चौथा हिस्सा झिजली आहे, असे लिहिले होते. मी आईला वाचून दाखवले. तिने सांगितले, "लिही त्याला, बादली आत आणून ठेव. प्लॅस्टिक थंडीनं तडकतं."